भाजीच्या पाण्याची परीक्षा

लग्नाच्या जेवणात मी ताट घेऊन रांगेत उभी राहिले की माझ्या पुढचे-मागचे लोक जिलेबीवर पापड झाकतात. नांदेडात माझी एवढी ओळख नक्की आहे. मी आजवर कुणाच्या ताटाबद्दल अवाक्षर काढलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही जिलेबी आवडते. पण सगळी नोकरी दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून काढल्यावर माणूस निवृत्त झाला तरी लोकांच्या मनातून निवृत्त होत नाही. परवा एका बारशाला एक बाई वाटीभर गुलाबजाम घेऊन चालल्या होत्या. मला बघून थबकल्या आणि म्हणाल्या, "म्याडम, हे घरच्यांसाठी घेतलेत." मी म्हटलं, "घरच्यांना सांगा, सावकाश खा."

लोकांना वाटतं आहारतज्ज्ञ म्हणजे वजन उतरवून देणारी बाई. दवाखान्यातलं आमचं काम वेगळं असतं. भाजलेल्या माणसाची कातडी भरून यायला काय खाऊ घालायचं, नाकातून नळी घातलेल्या म्हाताऱ्याला त्या नळीतून काय आणि किती पातळ द्यायचं, किडनी निकामी झालेल्याच्या ताटातून काय काढून घ्यायचं, हे आम्ही ठरवतो. डॉक्टर औषध लिहून पुढच्या खाटेकडे जातात. आम्ही मागं राहतो आणि "भाकर बंद म्हणजे खायाचं काय मग?" या प्रश्नाला तोंड देतो.

उदगीरचे एक अडत व्यापारी दर महिन्याला साखर तपासायला यायचे. त्यांच्याशी माझा रीतसर सौदा चालायचा. मी म्हणायची, एका वेळी दोन भाकरी. ते डोळे मिटून म्हणायचे, "बाई, तीन करा. चार पैसे तुम्ही सोडा, चार मी सोडतो." मी दोनवरच अडून बसले की ते उठल्यासारखं करायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे. शेवटी सव्वादोनवर सौदा पटायचा आणि बाजार समितीत तूर विकल्याच्या समाधानानं ते घरी जायचे. घरी जाऊन तीनच खात असावेत.

भाकरीचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करते. आमच्या पुस्तकात 'एक भाकरी' असं छापलेलं असतं. पण बिलोलीची एक भाकरी आणि लातूरच्या फ्लॅटमधली एक भाकरी यांचं एकमेकींशी काही नातं नसतं. म्हणून शिकायला येणाऱ्या प्रत्येक तुकडीला मी पहिल्या सोमवारी घरून भाकरी आणायला लावायची आणि वजनकाट्यावर ठेवायला लावायची. काटा बघून पोरांचे चेहरे असे व्हायचे की मला दिवसभर करमणूक पुरायची. एका मुलाच्या आजीची भाकरी तर ताटलीबाहेर लोंबत होती. "आता सांग, पेशंट एक भाकरी खातो म्हणाला तर तू काय लिहिशील?" तो म्हणाला, "म्याडम, आधी आजी कोणती ते विचारावं लागंल." त्याला मी त्याच दिवशी मनातल्या मनात पास केलं.

पण मनातल्या मनात पास करून चालत नाही. लातूरच्या एका कॉलेजात आहारशास्त्राचं एमएस्सी आहे. त्यांची मुलं शेवटचं सत्र नांदेडला आमच्या दवाखान्यात काढतात. पेपरात कितीही मार्क पडलेले असोत, दवाखान्यातलं एकेक काम जमलं आहे असं तिथल्या आहारतज्ज्ञानं सही करून सांगितल्याशिवाय पदवी मिळत नाही. कामं बरीच: नळीचं जेवण तयार करणं, दवाखान्याच्या स्वयंपाकघरावर लक्ष ठेवणं, कुपोषित लेकराचा आहार ठरवणं. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात अवघड, एक पेशंट पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीनं सांभाळणं. प्रत्येक कामापुढं तीन शेऱ्यांपैकी एक द्यायचा असतो. 'स्वतंत्रपणे करू शकते', 'मदतीनं करू शकते' आणि 'अजून नाही'. मी तिसरा शेरा सढळ हातानं द्यायची. पोरं माझ्या पाठीमागं मला 'अजून नाही म्याडम' म्हणायची आणि ते मला ठाऊक होतं. मला त्याचं वाईट वाटत नसे. सही करताना मी एकच विचार करायची, की उद्या माझा सख्खा भाऊ आजारी पडला तर या पोरीसमोर त्याला बसवेन का?

तस्नीमच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर दोनदा नाही असं आलं होतं.

तस्नीम उदगीरची. वडलांचं शिलाईचं दुकान. अभ्यासात अशी, की कॉलेजच्या चारही पेपरांत पहिली. लातूरकडं पाठांतराची जी मोठी परंपरा आहे, ती या पोरीत पुरेपूर उतरली होती. कुठल्या भाजीत काय किती, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायची. पण पेशंटसमोर बसली की तिचं पुस्तक सुरू व्हायचं. पहिल्या वेळी तिनं एका क्षयाच्या पेशंटला प्रथिनांवर व्याख्यान दिलं. तो सगळं ऐकून घेऊन बायकोला म्हणाला, "काय म्हणायल्या गं ह्या?" दुसऱ्या वेळी भाषा सोपी केली, पण समोरच्या बाईनं तोंड उघडायच्या आत तिच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलं, आणि ते उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं होतं. दोन्ही वेळी मी 'अजून नाही' लिहिलं. दुसऱ्या वेळी ती बाथरूममध्ये जाऊन रडली. लाल डोळ्यांनी बाहेर आली आणि मला 'थँक्यू म्याडम' म्हणाली.

आता तिसरी आणि शेवटची संधी होती. या वेळी सही झाली नाही तर सत्र पुन्हा करायचं, म्हणजे निकाल पुढच्या वर्षावर. उदगीरला नव्यानं सुरू झालेल्या एका डायलिसिस केंद्रानं तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, पण निकाल लागेपर्यंतच. आईला दिसायचं कमी झालं होतं, घरी दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळं उदगीर सोडून नोकरी करणं तिला शक्य नव्हतं. गावात आहारतज्ज्ञाची जागा ती एकच. ती गेली असती तर ही पोरगी शिलाईच्या दुकानात काजं-बटणं करत बसली असती, आणि ती तशी बसलीही असती, तक्रार न करता. मला त्याचीच भीती वाटत होती.

तिच्या वाट्याला आलेले पेशंट म्हणजे मुखेडजवळच्या खेड्यातले शेषराव. किडन्या गेलेल्या, आठवड्यातून दोनदा एसटीनं नांदेडला येऊन डायलिसिस करून घ्यायचे. अशा माणसाच्या रक्तात पोटॅशियम साठतं. हा क्षार भाज्यांत, डाळींत, फळांत सगळीकडं असतो. तुमच्या-आमच्या किडन्या जास्तीचा बाहेर टाकतात, यांच्यात तो तसाच राहतो आणि फार वाढला तर उभ्या माणसाचं हृदय बंद पाडतो. त्यावर आमच्याकडं साधा उपाय असतो. भाजी बारीक चिरायची, कोमट पाण्यात भिजत घालायची, मग भरपूर पाण्यात उकडायची आणि दोन्ही वेळचं पाणी फेकून द्यायचं. क्षार पाण्यात उतरतो, भाजी खायला चालते.

तस्नीमनं या वेळी खरंच चांगलं समजावलं. हळू, घरच्या भाषेत, पुस्तक मिटून. शेषरावांच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसली आणि शेवटी आम्ही शिकवलेल्या पद्धतीप्रमाणं म्हणाली, "मामा, आता तुम्ही मला सांगा, काय करायचं?" पेशंटनं स्वतःच्या तोंडानं परत सांगितलं की त्याला कळलं, असा आमचा नेम. शेषराव शाळेत कविता म्हणतात तसे ताठ बसले आणि घडाघडा म्हणाले, "भाजी बारीक चिरायची, भिजू घालायची, लई पाण्यात उकडायची, पाणी फेकून द्यायाचं." एक शब्द चुकला नाही. त्यांची बायको कौसाबाई पिशवी घेऊन दाराशी उभी होती. तिनंही मान हलवली. तस्नीमनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, रिपोर्ट येऊ दे.

रिपोर्ट आला, आणि पोटॅशियम आधीपेक्षा वाढलेलं. त्याच्या पुढच्या वेळी आणखी वाढलेलं. डॉक्टर तस्नीमवर चिडले, "तुम्ही यांना सांगितलंय तरी काय?" तस्नीमचा चेहरा उतरला. शेषराव शपथेवर सांगत होते, की सांगितल्याबरहुकूम चाललंय. तिनं पुन्हा म्हणायला लावलं, त्यांनी पुन्हा घडाघडा म्हणून दाखवलं. तेव्हा या शहाणीचा तोल गेला. वॉर्डभर लोक ऐकत असताना ती म्हणाली, "मामा, खोटं बोलू नका. तुम्ही बाजारात केळी खायलेत नाहीतर नारळपाणी पियालेत. मशीन खोटं बोलत नसतं."

कौसाबाई पुढं आली. "ह्ये घरातून भाईर कुठं जातेत? बस नि दवाखाना, दवाखाना नि बस. माझ्या हातचं खातेत. म्हंजे खोटी मीच का? चला हो, उठा. हितं न्हाई यायचं आता." डायलिसिसला यायचंच नाही, याचा अर्थ काय होतो हे त्या वॉर्डात सगळ्यांना माहीत होतं. सिस्टरनी कशीबशी समजूत घातली आणि त्या दिवसाचं डायलिसिस झालं, पण पुढच्या वेळी ते येतील याची खात्री कुणालाच नव्हती.

तस्नीम माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "म्याडम, आता तर गेलंच माझं." मला राग आला होता. म्हटलं, "तुझं काय गेलं ते नंतर बघू. त्या माणसाचं काय चाललंय ते तुला कळलंय का?" ती म्हणाली, "नाही कळलं. पण मी त्यांच्या घरी जाऊ का?"

आमच्या नियमांत घरी जाणं बसत नाही. मी आयुष्यभर दवाखान्याला सांगत आले की मुलांना पेशंटच्या घरी पाठवा, आणि वरून आयुष्यभर उत्तर येत राहिलं की बघू. ही खंत मी सोबत घेऊनच निवृत्त झाले. त्या वेळी मी कुणाला विचारलं नाही. रविवारी आम्ही दोघी मुखेडची एसटी पकडून गेलो. बसमध्ये मी तिला बजावलं, "मी नुसती बघणार आहे. बोलायचं ते तू."

कौसाबाईनं आम्हाला घरात घेतलं, कारण दारात आलेल्या माणसाला कुणी हाकलत नसतं. पण चहा ठेवताना पातेलं जरा जोरातच आपटलं. तस्नीम शेषरावांसमोर खाली बसली. "मामा, त्या दिवशी माझं चुकलं. सगळ्यांसमोर बोलले, ते तर लईच चुकलं." शेषराव म्हणाले, "जाऊ द्या हो ताई, लेकरावानी हाव तुम्ही." मग तस्नीम चुलीजवळ गेली आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही रोज करता तसा स्वयंपाक करा ना. मी नुसती बसते."

कौसाबाईनं हट्टानं सगळं दाखवून दाखवून केलं. भाजी बारीक चिरली. "बघितलं का?" भिजत घातली. "बघितलं का?" भरपूर पाण्यात उकडली. मग भिजवल्याचं नि उकडल्याचं ते हिरवट पाणी अगदी थेंब न सांडता दुसऱ्या पातेल्यात गाळून घेतलं आणि भाजी वेगळी फोडणीला टाकली. सगळं आमच्या पुस्तकाप्रमाणं. माझी तर विकेटच गेली. मग तिनं लसूण ठेचला, तेल तापवलं, येसराचा मसाला घातला आणि ते गाळून ठेवलेलं सगळं पाणी फोडणीत ओतलं. घरभर असा वास सुटला की मी चूक शोधायला आले आहे हे क्षणभर विसरले. आमटीची पहिली वाटी काठोकाठ भरून शेषरावांच्या ताटात गेली.

मी तस्नीमकडं बघत होते. जुनी तस्नीम असती तर ओरडली असती. हिनं अलगद वाटीवर हात ठेवला आणि विचारलं, "मावशी, हे पाणी यांना कशापायी?"

"आता तुम्हीच न्हाई का म्हणलाव? भाजीतलं समदं पाण्यात उतरतंय म्हणून. मी दारातून ऐकलं की. मशीनवर रगत जातंय ह्यांचं, अंगात ताकद न्हाई ऱ्हायली. मग ज्याच्यात समदं उतरलंय ते ह्यांना द्यायाचं सोडून मोरीत ओतू का?"

"पण फेकून द्या म्हणले होते मी."

"अन्नाचं पाणी कुठं फेकतेत का माय? डाळीचं येळवणी फेकलंय का आम्ही कधी? शिकल्यालं माणूस बोलतंय एकांदा शब्द."

शेषराव थक्क होऊन बघत होते. चुलीपुढं काय होतं हे त्यांना कुठं ठाऊक होतं? ते बिचारे सगळं मन लावून पाठ करून आले होते, आणि आयुष्यात त्यांनी कधी भाजी उकडली नव्हती. दवाखान्यात आम्ही सगळं त्यांना शिकवलं आणि जी स्वयंपाक करते ती दाराशी पिशवी धरून उभी होती.

तस्नीम हळूच म्हणाली, "आमच्या घरी पण मटणाच्या यखनीचं पाणी अम्मी सांडू देत नाही. थेंब सांडला तर मला शिव्या पडतेत." कौसाबाई पहिल्यांदा तिच्याकडं नीट वळून बघती झाली. मग तस्नीमनं तिला सांगितलं, की भाजीतून उतरतं त्यात एक क्षार असा आहे जो तुम्हाला-मला चालतो आणि मामांच्या अंगात अडकून बसतो, आणि मग हृदयावर जातो. कौसाबाईनं पदर तोंडाला लावला. इतके दिवस आपणच वाटी भरभरून देत होतो, हे तिला कळलं तो क्षण मला बघवला नाही. तस्नीमनं तिचा हात धरला. "मावशी, तुम्ही मायेनं दिलं. मी विचारलं नाही तुम्हाला, ती माझी चूक."

आता प्रश्न उरला पाण्याचा. तस्नीम म्हणाली, "तुम्ही सगळे खा ना आमटी, मामांना तेवढी देऊ नका." कौसाबाई म्हणाली, "ह्यांच्या म्होरं म्या आमटी भुरकू? घास उतरंल का?" फेकायचं तर हातून होणार नाही, खायचं तर घशातून जाणार नाही. तस्नीमनं घरभर नजर फिरवली. मग दाराबाहेरच्या दावणीकडं बघून तिनं विचारलं, "मावशी, म्हशीला चालंल का हे?"

"म्हशीला का न्हाई चालायचं? पेंडीच्या आंबवणात घालते की. खूश व्हती ती." कौसाबाई म्हणाली आणि तिच्या जिवावरचं ओझं उतरलं. त्या दिवशीची आमटी मात्र मी प्यायले, कारण म्हैस फोडणीचं खात नाही. तशी आमटी मला परत कुठं मिळालेली नाही.

पुढच्या खेपेला ते दोघं आले. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी त्यावरचं नाव पुन्हा वाचलं. पोटॅशियम उतरलं होतं. त्याच्या पुढच्या वेळी धोक्याच्या रेषेखाली आलं.

शेवटच्या तपासणीला लातूरहून कॉलेजच्या विभागप्रमुख बाई आणि बाहेरचे एक परीक्षक आले. परीक्षक गंभीर गृहस्थ, हसले तर मार्क जातील असा चेहरा. त्यांचा होकार आला तरच मला शेरा लिहून सही करता येणार होती. शेषरावांनी ताठ बसून सगळं म्हणून दाखवलं. परीक्षकांनी समाधानानं मान हलवली आणि मग रिपोर्ट चाळले. "सुरुवातीला पोटॅशियम वाढलं ते का?"

तस्नीमला तिथं काहीतरी सावरून घेता आलं असतं. तिनं सगळं सांगितलं. आरोप केला तेही सांगितलं. विभागप्रमुख बाईंनी डोळे मिटून घेतले. परीक्षक म्हणाले, "म्हणजे तुमचं समुपदेशन फसलं होतं. पुढचं घरी जाणं वगैरे कुणाच्या मदतीनं?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "मी फक्त आमटी प्यायले, सर."

ते कौसाबाईकडं वळले. "पाण्याचं आता काय करता?"

"म्हशीला घालते."

"पुस्तकात तर फेकून द्या असं आहे."

"पुस्तकवाल्याकडं म्हैस नसंल," कौसाबाई म्हणाली.

परीक्षकांच्या मिशा जराशा हलल्या. मग ते तस्नीमला म्हणाले, "ठीक आहे. पण उदगीरच्या पेशंटकडं म्हैस नसेल. तिथं काय सांगाल?"

हिच्या डोक्यात अशा प्रश्नाची दहा उत्तरं तयार असतात हे मला माहीत होतं. त्यातलं एखादं ती फेकणार असं वाटलं. पण ती म्हणाली, "आधी विचारीन, सर, स्वयंपाक कोण करतं. मग त्यांनाच विचारीन, की पाण्याचं तुम्ही काय करता. ते ऐकल्याशिवाय नाही सांगता येणार."

परीक्षकांनी कागद माझ्याकडं सरकवला. मी 'स्वतंत्रपणे करू शकते' असं लिहिलं आणि सही केली. त्या क्षणी मला एवढा आनंद झाला की मी तो लपवला नाही.

कौसाबाईला त्या कागदाचं काय कळलं नाही. तिनं मला विचारलं, "झाली का पोरगी पास?"

"झाली."

"मग खायाला घाला की कुणीतरी तिला. सकाळपास्नं उपाशी हाय ती. तोंड बघा कसं सुकलंय."

तस्नीम म्हणाली, "नाही मावशी, ठीक हाय मी." पण तिचा आवाजच सांगत होता, की सकाळपासून पोटात काही नाही. त्या खोलीत आहारशास्त्र शिकलेली आम्ही चार माणसं बसलो होतो. कौसाबाईनं पिशवीतून फडकं काढलं, टेबलावरचे रिपोर्ट बाजूला सारले आणि धपाटे सोडले.